सहावा फोन

आईच्या गुडघ्याची वाटी बदलून तीन आठवडे झाले. गुडघा 90 अंशांपर्यंत तरी वाकला नाही तर खुर्चीतून उठणंही अवघड, आणि व्यायामाला उशीर झाला की सांधा आखडतो. म्हणून आज सकाळपासून सरकारी विमा घेणारा जवळचा फिजिओथेरपिस्ट शोधत होते. यादीतले दोन नंबर बंद, दोघांकडे महिनाभर वेटिंग, एकानं "आता विमा घेत नाही" म्हणत फोनच ठेवला. (ही यादी कोण अपडेट करतं, देव जाणे!) सहाव्या ठिकाणच्या ताईंनी नीट विचारलं: डॉक्टरांची चिठ्ठी आहे? पूर्वमंजुरी? किती सेशन्स मंजूर? मी गप्प. मंजुरी आधी घेतली नाही तर बिल आपल्याच गळ्यात पडू शकतं म्हणे. उद्या आधी चिठ्ठी. आईचा प्रश्न वेगळाच, "फार दुखवत नाहीत ना गं त्या?"