दोन सेशनच्या मधले दिवस

नववीच्या शेवटी माझ्या मुलाने शाळेत बोलणं जवळजवळ बंद केलं. घरी तो भरपूर बोलायचा, पण वर्गात वाचायची पाळी येणार असं कळलं की आदल्या रात्रीपासून त्याचं पोट दुखायचं. समोर दहावी होती. राज्य मंडळात भाषेचे ८० गुण लेखी आणि २० तोंडी व अंतर्गत असतात, आणि तो सरळ म्हणाला, "आई, ते वीस सोडून दे." आम्ही नागपूरच्या धरमपेठेतल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांना आम्ही मॅडमच म्हणतो. भारतीय पुनर्वास परिषदेकडची त्यांची नोंदणी आधी पाहून घेतली होती. आपण डॉक्टरची डिग्री बघतो तसं हेही बघावं, एवढंच त्याबद्दल सांगते.

मॅडमनी सांगितलं की याला सोशल अँग्झायटी, म्हणजे लोकांसमोर वाटणारी भीती, म्हणतात आणि ती बहुतेकांना याच वयात, साधारण तेराव्या वर्षाच्या आसपास सुरू होते. उपचार सीबीटीचा (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करायची पद्धत. डॉ. आरन बेक यांनी अमेरिकेत १९६०च्या दशकात ही पद्धत बांधली, आणि दोन भेटींच्या मधला सराव हा तिचा मुख्य भाग आहे. "माझ्या खोलीत त्याला भीती वाटतच नाही ताई, मग ती इथे कमी कशी होणार?" असं त्या म्हणाल्या, आणि मला ते लगेच पटलं.

पहिल्या काही भेटींत त्याने स्वतः भीतीची शिडी लिहिली. खालच्या पायरीला सोपं, वरच्या पायरीला अवघड. गोकुळपेठेच्या बाजारात भाव विचारून काही न घेता निघायचं. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर मशीन सोडून खिडकीवर तिकीट मागायचं. दुकानात फोन करून अमुक वही आहे का विचारायचं. वर्गात हात वर करायचा. सगळ्यात वर तोंडी परीक्षा. मला त्यातल्या काही गोष्टी अगदी क्षुल्लक वाटल्या आणि 'बाजारात जाऊन ये' यात उपचार कुठे आहे हे कळेना. पण पायऱ्या त्याच्या होत्या, माझ्या नाही. मॅडमनी एकही बदलली नाही. विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळे जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे शाळेबाहेरच्या पायऱ्यांना आम्हाला चांगला वेळ मिळाला. मे महिन्यात दुपारी बाहेर चिटपाखरू नसतं म्हणून हे सगळं संध्याकाळी.

सरावाचं खरं काम कागदावर होतं. जायच्या आधी लिहायचं: काय होईल असं वाटतं, आणि भीती ० ते १० मध्ये किती. आल्यावर लिहायचं: काय झालं. त्याने मला दाखवलेली एक नोंद इथे देते, त्याला विचारूनच. सराव होता तर्री पोह्यांच्या ठेल्यावर एकट्याने जाऊन 'तर्री कमी' सांगायचं. आधी लिहिलं होतं: "माझा आवाज ऐकू जाणार नाही. तो 'काय?' म्हणून ओरडेल. सगळे वळून बघतील. भीती ७." आल्यावर: "आवाज ऐकू गेला नाही. तो 'काय?' म्हणाला. कोणीच बघितलं नाही, सगळे खाऊन राहिले होते. परत सांगितलं. तर्री जास्तच टाकली."

मला वाटलं, भीती किती उतरली तो आकडा महत्त्वाचा. मॅडमना त्यापेक्षा 'काय होईल वाटलं' आणि 'काय झालं' यातला फरक हवा होता. ज्याची भीती होती त्यातली अर्धी गोष्ट खरोखर घडली, तरी पुढचं, सगळे वळून बघतील हे, घडलं नाही. आधी लिहून ठेवलं नसतं तर 'आज नशीब चांगलं होतं' म्हणून त्याने ते सोडून दिलं असतं. त्यासाठी कान झाकणारा हेडफोन आणि हातातला मोबाइलही बाजूला ठेवायचा होता. नाहीतर मन म्हणतं, मोबाइल होता म्हणून निभावलं.

पुढे हे कागद त्याने बंद केले. दप्तरात कोणी बघितलं तर? मग मोबाइलच्या नोट्समध्ये 'रसायनशास्त्र' नावाने लिहायला लागला. मॅडमनी काही आक्षेप घेतला नाही. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नोंद कुठे आणि कशी करायची हे त्यांच्या हातात असेल तरच ती होते.

मलाही काम दिलेलं होतं. त्याच्या वतीने बोलायचं नाही, 'काही होत नाही रे' असा धीर सारखा द्यायचा नाही, आणि 'केलंस का' असं रोज विचारायचं नाही. विचारायचं ते रविवारी सकाळी, पाच मिनिटं, तेही त्याला सांगायचं असेल तर. यातलं पहिलं सगळ्यात कठीण. महालात नात्यातलं एक लग्न होतं. माझ्या मामींनी त्याला विचारलं, "काय रे, कोणत्या वर्गात आहेस तू आता?" तो गप्प. मामी माझ्याकडे बघायला लागल्या. उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी साडीचा पदर हातात धरून खाली बघत राहिले. मामींनी "अगं, बोलत का नाही हा?" विचारलं, तरी मी काही बोलले नाही. मग तो म्हणाला, "दहावीत." एवढंच. घरी आल्यावर त्याने ते मोबाइलमध्ये लिहिलं, आणि ते त्या आठवड्याच्या सरावात नव्हतंच.

शाळा सुरू झाल्यावर मात्र गाडी अडली. वर्गात हात वर करायचा ही पायरी होईना. एक आठवडा गेला, पुढचाही गेला. मला वाटलं आता मॅडम रागावतील किंवा तो जाणंच सोडेल. पण दर भेटीची सुरुवात मागच्या सरावानेच व्हायची, झाला असो वा नसो. त्यांनी 'का नाही केलं' असं विचारलं नाही. "आड काय आलं?" एवढंच विचारलं. एकदा तो बोलला. त्याचा आवाज फुटत होता, आणि वर्गातल्या एका मुलाने त्या फुटक्या आवाजाची नक्कल केली होती. आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. तोवरच्या सगळ्या पूर्ण झालेल्या सरावांपेक्षा हा न झालेला सराव जास्त कामाचा ठरला, असं माझं ठाम मत आहे.

मग ती पायरी फोडली. आधी घरी धड्याचा एक परिच्छेद वाचून रेकॉर्ड करायचा. ऐकायच्या आधी लिहायचं की आवाज किती विचित्र वाटेल, मग ऐकायचं. त्याने ९ लिहिलं होतं. ऐकल्यावर म्हणाला, "एका जागी फुटतो फक्त." नंतर तास संपल्यावर मराठीच्या बाईंना एकट्याने एक शंका विचारायची. मग वर्गात, पण ज्याचं उत्तर पक्कं येतं त्यालाच हात वर. हे सगळं त्याने त्याच्या वेळेने केलं. मधे घटक चाचणी आली तेव्हा मॅडमनी सराव इतका छोटा केला की नोंद दोन ओळींची असायची.

तोंडी परीक्षा त्याने दिली. आवाज थरथरला, मधे थांबला, पुन्हा बोलला. गुण किती मिळाले ते त्याच्यासाठी तेव्हा दुय्यम होतं, माझ्यासाठीही. आता अकरावीत आहे, मॅडमकडे महिन्यातून एकदा जातो, आणि पायऱ्या स्वतः ठरवून नेतो. गर्दीत अजूनही अवघडतो.

ओळखीतल्या आया आता मला विचारतात, म्हणून लिहिते. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या उपचाराला पालकांची संमती लागते, पण मुलाला एकट्याला बोलू द्या, आणि कोणती गोष्ट तुम्हाला सांगितली जाईल, कोणती नाही, हे पहिल्याच भेटीत तिघांसमोर ठरवून घ्या. आमच्याकडे जिवाला धोका असेल तरच मला सांगणार असं ठरलं होतं, आणि त्यामुळेच तो मोकळा झाला. मागच्या वेळचा सराव पुढच्या भेटीत पाहिला जातो का, हे विचारा. पाहिलाच जात नसेल तर मूल तो करणं सोडतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. लगेच कुठे जाणं जमत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. माझ्या मुलाच्या शिडीवर फोन करणं ही एक पायरी होती, म्हणून तुमच्या मुलाला तो नंबर लावणं अवघड जात असेल तर पहिला फोन तुम्ही लावा.