ठणका थांबल्यानंतरची दाढ

डावीकडची खालची दाढ ठणकायची थांबली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो. "आता दुखत नाही ना? मग डॉक्टरकडे जाऊन सांगणार काय?" धाकट्या भावाचा प्रश्न वरवर बिनतोड होता. पण माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या जमिनीखालच्या केबल सांभाळण्यात गेली. खरखरणारी लाइन अचानक गप्प झाली म्हणून ती दुरुस्त झाली असं आमच्यात कुणी म्हटलं असतं, तर त्याला हसले असते. अपॉइंटमेंट घेतलेली होतीच. गेलो.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी एक्स-रे काढला नाही. बर्फासारखा गार केलेला कापसाचा बोळा शेजारच्या दाढेला लावला, मी दचकलो. मग तोच दुखऱ्या दाढेला लावला. काही नाही, लाकडाला लावल्यासारखं. पण आरशाच्या दांड्याने त्याच दाढेवर हलकेच टकटक केली, तर डोळ्यांत पाणी आलं.

"काका, आतली नस मेलीय. दुखतंय ते दाताच्या बाहेर, मुळाच्या टोकाशी."

एवढ्या दोन वाक्यांत मला मागच्या सगळ्या रात्रींचा हिशेब लागला. दाताच्या आत गर असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा. तो चारी बाजूंनी टणक भिंतींत कोंडलेला. इतर कुठे सूज आली तर ती भाग फुगून जागा करून घेते, इथे फुगायला जागाच नाही. म्हणून तो ठणका. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि दुखणं बरोबर रात्री उशीवर डोकं टेकलं की उसळतं. गार पाण्याची कळ क्षणभर येऊन गेली तर गर बहुधा सावरू शकतो, वेळेवर कीड काढून सिमेंट भरलं की भागतं. कळ रेंगाळायला लागली, किंवा काही न लागता आपोआप ठणका सुरू झाला, की तो बहुतेक वेळा परत फिरत नाही. पुढे गर मरतो, मेलेली नस दुखत नाही आणि माणूस खूश होतो. जंतू मात्र तिथेच असतात. ते मुळाच्या टोकाच्या बारीक भोकातून जबड्याच्या हाडाकडे निघालेले असतात.

एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळसर गोल दिसला. तिथलं हाड विरघळलेलं होतं. मी विचारलं, अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी नाही का भागणार? डॉक्टरांचं उत्तर मला फार आवडलं. गोळी पोचते रक्तातून, आणि ज्या दाताच्या आत रक्तच फिरत नाही तिथे ती जाणार कुठून? सूज चेहऱ्यावर पसरत असेल, ताप असेल, तेव्हा गोळ्या लागतात, पण दाताच्या आतला साठा हातानेच उपसावा लागतो, म्हणजेच रूट कॅनाल. सूज जबड्याखाली उतरली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर दातांच्या दवाखान्याची वेळ बघत न बसता थेट हॉस्पिटल गाठायचं, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं.

रोगाचं मूळ जंतूच, हे किती स्वच्छपणे सिद्ध झालंय ते मी घरी येऊन वाचलं. 1965 साली काकेहाशी नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढांचा गर मुद्दाम उघडा पाडला. साध्या उंदरांत तो सडला. पूर्ण जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत, उघड्या गरात अन्न अडकत असूनही, तो जिवंत राहिला आणि भोकावर नवं कठीण आवरण धरायला लागला. इतका साधा प्रयोग, आणि वादाला जागाच ठेवली नाही.

रूट कॅनालच्या भयकथांबद्दल फार लिहीत नाही. इंजेक्शन टोचलं तेवढं कळलं, मग ओठ आणि अर्धी जीभ बधिर. जिवंत पण सुजलेल्या गराच्या दाढेला भूल चढायला वेळ लागतो, कारण सुजलेल्या जागी आम्लता वाढते आणि औषध नीट काम करत नाही. तेव्हा जादा इंजेक्शन लागू शकतं. लोक ज्या कळा आठवून शहारतात त्या बहुतेक खुर्चीत बसण्याआधीच्या असतात, असं माझं मत झालंय.

दाढेभोवती रबराची पातळ चादर ताणून बसवली. तिला रबर डॅम म्हणतात आणि ती 1864 पासून वापरात आहे. लाळ, म्हणजे लाळेतले जंतू, आत जाऊ नयेत आणि आतली औषधं घशात जाऊ नयेत, हे तिचं काम. तोंड उघडं धरून थकायला होतं, पण हा भाग टाळणाऱ्याकडे मी पुन्हा जाणार नाही.

मग वरून भोक पाडून नळ्या, म्हणजे मुळांतल्या गराच्या बारीक वाटा, शोधणं सुरू झालं. खालच्या पहिल्या दाढेला साधारण दोन मुळं आणि तीन नळ्या. माझ्या दाढेत चौथीही निघाली. ती शोधण्यात डॉक्टरांचा बराच वेळ गेला, आणि तो गेला हे चांगलंच, कारण सुटलेली नळी म्हणजे पुन्हा तोच आजार.

आता माझ्या आवडीचा भाग. नळीची लांबी मोजायला त्यांनी ओठाला एक धातूची आकडी अडकवली, दुसरी तार नळीत घातलेल्या फाइलला, म्हणजे नळी घासायच्या सुईसारख्या बारीक हत्याराला, जोडली आणि शेजारच्या छोट्या यंत्राकडे बघत फाइल हळूहळू आत सरकवली. यंत्राची टिकटिक जलद होत गेली. तोंडात बोट असताना बोलता येत नाही, नाहीतर मी तेव्हाच ओरडलो असतो, "हे आमचं काम आहे!" केबलच्या एका टोकाला बसून, विजेला होणारा रोध मोजून, न दिसणारा फॉल्ट किती लांब आहे ते काढण्यात मी उमेदीची वर्षं घालवली. इथेही तेच. 1962 साली सुनादा या जपानी दंतवैद्याने दाखवलं की फाइलचं टोक मुळाच्या शेवटाला पोचलं की तोंडाच्या त्वचेपासून तिथपर्यंतचा रोध साधारण साडेसहा हजार ओहम भरतो, दात कुठलाही असो. आजची यंत्रं एकाहून जास्त फ्रिक्वेन्सी वापरतात, त्यामुळे नळीत औषध किंवा रक्त असलं तरी चुकत नाहीत, निदान सहसा नाही. फाइल टोकाच्या अलीकडे थांबली तर घाण उरते, पलीकडे गेली तर हाडाला इजा. मिलिमीटरच्या अंशांचा खेळ.

फाइल नळी रुंद करते, पण खरी सफाई द्रावणाची. सोडियम हायपोक्लोराइट, घरातल्या ब्लीचचंच भावंड, मेलेला गर विरघळवतं. स्विमिंग पूलसारखा वास येतो. नळ्यांना इतके फाटे असतात की प्रत्येक कोपऱ्यात फाइल पोचतच नाही, द्रावण पोचतं. मधल्या काळासाठी आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप घालून वरून तात्पुरतं सिमेंट भरलं.

पुढच्या वेळी ट्रेमध्ये गुलाबी, टोकदार काड्या होत्या. गटापर्चा! हे नाव मी ट्रेनिंगच्या पुस्तकात वाचलं होतं. 1851 साली इंग्लिश खाडीच्या तळाशी टाकलेल्या तारेवर याच झाडाच्या चिकाचं वेष्टण होतं, समुद्राचं पाणी आत शिरू नये म्हणून. प्लॅस्टिक येईपर्यंत समुद्रातल्या केबल त्याच्याच भरवशावर होत्या. दाताच्या काडीत तो थोडाच, बहुतेक भाग झिंक ऑक्साइडचा असतो. पण काम तेच: ओल आत येऊ द्यायची नाही. डॉक्टरांना हे सांगितलं तर त्या हात थांबवून हसल्या.

दोनेक दिवस चावताना दाढ हळवी होती. नस नसताना दुखतं कसं? मूळ आणि हाड यांच्यामधल्या धाग्यांना स्वतःच्या नसा असतात, आणि ते अजून चिडलेले असतात. हाडातला काळा गोल लगेच जात नाही. हाड भरून यायला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त, म्हणून पुन्हा एक्स-रे काढायचा आहे.

आणि कॅप. इथे लोक हमखास अंग काढून घेतात. किडीने आणि वरच्या भोकाने दाढेचा बराचसा भाग गेलेला असतो, आणि चावण्याचा सगळ्यात जास्त जोर मागच्या दाढांवरच येतो. उभी चीर मुळात उतरली तर एवढं सगळं करून दाढ काढावी लागते. पुढच्या दाताचं बरंच शाबूत असेल तर नुसत्या सिमेंटवर भागू शकतं, दाढेचं सहसा नाही. माझ्या कॅपचं माप घेऊन झालंय, ती यायची आहे. तोवर उजवीकडून चावतोय.