माकडतापासाठी सत्तरीत तीन दिवसांची चाल

गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या माकडतापावरच्या संशोधनासाठी निधी गोळा करायचा म्हणून आम्ही चौदा जण डिसेंबरात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात तीन दिवस चाललो. चालण्याची तयारी तीन आठवड्यांत उरकली, पैशांचं मार्गी लावायला दोन महिने लागले. म्हणून आधी पैशांचंच.

ज्या संस्थेला निधी जाणार, तिच्याच खात्याचा क्यूआर कोड पहिल्या दिवसापासून फिरवा. आम्ही सुरुवातीला आमच्यातल्या एकाच्या खात्यावर पैसे घेतले आणि फसलो. त्याने ते एकगठ्ठा पुढे भरले असते तर कागदोपत्री देणगीदार तोच झाला असता, बाकीच्यांना करसवलतीसाठी लागणारी ८०जीची पावती नाही. सगळ्यांचे पैसे परत करून पुन्हा भरायला लावले. रोख रक्कम २,००० रुपयांच्या वर गेली की करसवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती मुळातच नाही, हेही आधीच सांगून टाकावं.

गोव्यात आणखी एक गुंता असतो. दुबईतला भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याने बँकेतून पाठवलेली देणगी देशीच धरतात. इंग्लंडात स्विंडनमधल्या भावाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर तीच देणगी विदेशी, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते) असलं तरी. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेताच येत नाही. नातेवाइकाला पासपोर्ट कुठला म्हणून विचारणं जड जातं, पण विचारा.

म्हादई अभयारण्यात पाऊल टाकायचं तर वनखात्याचा परवाना हवा. अर्जासोबत नावं, ओळखपत्रं, वाट आणि मुक्काम द्यावे लागले. त्यामुळे आयत्या वेळच्या पाहुण्यांना नाहीच म्हणावं लागतं.

आता गोचीड. माकडताप १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. सत्तरीत तो २०१५ पासून ठाऊक आहे. पंचाईत अशी, की चालायला बरे ते कोरडे महिने, आणि गोचिडीची पिल्लंही त्याच दिवसांत पाचोळ्यात असतात. पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं. ते उडी मारत नाही, पाचोळ्यातून किंवा गवतावरून अंगावर चढतं. तेव्हा फिकट रंगाची पँट, तिचे पाय मोज्यांत खोचलेले, आणि घोट्यांना डीट (किडे दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम. घामाने ते उतरतं, म्हणून दर तीन तासांनी पुन्हा. काजूच्या बागेत पाचोळ्यावर पाठ टेकायची नाही, कितीही दमलात तरी. बसायचं तर खडकावर. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनरक्षकाला कळवायचं.

संध्याकाळी एकमेकांचं अंग तपासायचं: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे. चिकटलेली गोचीड टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढायची. तेल, काडीची आग, चुना यांतलं काही नको; बोटांनी चिरडणं तर मुळीच नको.

चालीचा हिशेब पुस्तकी धरू नका. पाच किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला आणखी एक, या नियमाने आमचा २० किलोमीटर आणि ६०० मीटर चढाचा दुसरा दिवस पाच तासांचा होता. लागले आठ. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, अकरानंतर जांभा दगड तापतो, सावलीचं झाड नाही. पहाटे साडेपाचला निघणं हाच उपाय. माणशी चार लिटर पाणी लागलं. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला; अर्ध्या बाटलीत ओतली की मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. उतारावर जांभ्याच्या सुट्या खड्यांवरून पाय पुढे सरकतो आणि अंगठ्याची नखं काळी पडतात. आदल्या दिवशी नखं कापा, बुटाची नाडी घोट्याशी आवळा. बाकी सामानाचं फार कौतुक नको, पोदेराचे (पाववाल्याचे) उंडे, म्हणजे गोल पाव, आणि केळी पुरली.

परतल्यावर वही बंद करू नका. गोचीड चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत ताप चढतो. आम्ही दोन आठवडे रोज रात्री प्रत्येकाला फोन करून ताप, डोकेदुखी, अंगदुखी विचारली. एकाला ताप आला तेव्हा डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायला लावलं: ‘मी सत्तरीच्या रानात होतो.’