टाचेवरचा बिब्बा

संभाजीनगरला पेट सीटी सेंटरवर टेक्निशियन आहे मी. अंगात कॅन्सर कुठं आहे ते शोधायचा हा स्कॅन, औषधाचा उजेड टिपणारं पेट आणि आतला फोटो काढणारं सीटी, दोन्ही एकत्र. बीड, जालना, परभणी, हिंगोली, सगळीकडून पेशंट येतात, बरेचसे पहाटेच्या एसटीनं आणि उपाशीपोटी, कारण सहा तास काही खायचं नसतं. ही केस मागच्या मे महिन्याच्या शेवटची, अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

मावशी बीड जिल्ह्यातल्या, पन्नाशीच्या आसपास, ऊसतोडीला जाणाऱ्या. सोबत मुलगा. फॉर्मवर एवढंच होतं की उजव्या जांघेत गाठ, सुईनं तपासली तर कॅन्सरच्या पेशी निघाल्या, पण मूळ कुठं आहे ते सापडत नाही. दोन दवाखाने झाले होते, पोटाची सोनोग्राफी, गर्भाशयाची तपासणी सगळं झालेलं. शुगर बघितली, 132 आली, म्हणजे ठीक, 200 च्या वर असली की आम्ही थांबतो कारण आमचं औषधच साखरेसारखं असतं. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात, त्या साखरेला फ्लोरिन-18 लावलेलं असतं, ते जिथं जमतं तिथं स्क्रीनवर उजेड दिसतो. हे औषध दर 110 मिनिटांनी निम्मं होत जातं त्यामुळं आमच्याकडं सगळं घड्याळाकडं बघून चालतं, आणि त्या दिवशी तर पाच पेशंट रांगेत होते.

इंजेक्शन देऊन मावशींना आतल्या खोलीत तासभर पडून राहायला सांगितलं, बोलायचं नाही, मिसरी लावायची नाही, काही चघळायचं नाही, नाहीतर जबड्याचे स्नायूच उजळतात. तासानं लघवीला जाऊन आल्या तेव्हा लक्षात आलं की उजवा पाय पूर्ण टेकवत नाहीत, चवड्यावर चालतायत.

"मावशी, पायाला काय झालंय?"

"काय न्हाई लेकरा, भोवरी हाय. दोन वर्सामागं उसाचं खोडकं घुसलं व्हतं टाचंत, तवापासून बरी व्हईना. बिब्बा लावते मी."

चप्पल काढायला लावली. टाचेच्या बाहेरच्या बाजूला रुपयापेक्षा मोठा काळा चट्टा, मधी जखम, कडा वेड्यावाकड्या. आता बिब्ब्यानं कातडी काळी पडतेच, आपल्याकडं कुणालाही विचारा, त्यामुळं घरच्यांना काय आणि दवाखान्यात काय, कुणाला वेगळं वाटलं नसणार. पण खरं सांगायचं तर मला वाटतं पाय कुणी बघितलाच नव्हता. जांघेत गाठ असलेल्या बाईची टाच बघायला अर्धा मिनिट लागतो, त्याचा राग मला आजही येतो.

आता मुद्दा असा की नेहमीचा पेट सीटी आम्ही डोक्यापासून अर्ध्या मांडीपर्यंतच घेतो, बहुतेक कॅन्सरला तेवढं पुरतं. मेलानोमा असला, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, तर मात्र पायाच्या बोटांपर्यंत घ्यायचा असतो, कारण तो कुठंही जातो. आणि गोऱ्या लोकांत तो उन्हानं होतो म्हणतात पण आपल्या लोकांत तळपाय, टाच, नखाखाली असा निघतो, तिथं उन्हाचा फारसा संबंध नाही. मी आमच्या डॉक्टर सरांना बोलावलं. त्यांनी खाली बसून टाच हातात घेऊन बघितली आणि म्हणले, पूर्ण पाय घे. सात-आठ मिनिटं जास्त लागली, मागचे पेशंट कुरकुरले, कुरकुरू देत.

स्क्रीनवर मेंदू, हृदय, मूत्राशय उजळलेलं होतं, ते तर नेहमीचं. जांघेत दोन गाठी. मग पाय आले आणि टाच दिव्यासारखी पेटलेली, शिवाय गुडघ्याच्या मागच्या खळगीत हरभऱ्याएवढी एक गाठ, तीही उजळलेली. टाचेच्या बाहेरच्या बाजूची लसिका, म्हणजे बारीक नळ्यांतून गाठींकडं वाहणारं अंगातलं पाणी, आधी तिथं जाते, मग जांघेत. अर्ध्या मांडीवर थांबलो असतो तर दोन्ही गोष्टी फोटोच्या बाहेर राहिल्या असत्या. फुफ्फुसात 4 मिलिमीटरचा एक ठिपका होता, तो उजळला नव्हता, पण एवढ्या बारक्या ठिपक्याला पेट फसतं, तो सीटीतच दिसतो, म्हणून सरांनी तो रिपोर्टात लिहिला. मेंदू तर मुळातच साखर ओढतो त्यामुळं तिथलं बारकं काही पेटमध्ये झाकलं जातं, म्हणून एमआरआय वेगळा सांगितला.

सरांनी एक बजावलं, बिब्ब्यानं भाजलेली, सुजलेली जागा पण उजळते, तुकडा तपासल्याशिवाय घरच्यांना काही बोलायचं नाही. तुकडा तपासला, मेलानोमाच निघाला. जांघेतल्या जुन्या नमुन्यावर परत खास टेस्ट लावल्या, तिथंही तेच. एमआरआय मात्र स्वच्छ आला. टाचेवरचा चट्टा कापून काढून तिथं मांडीची कातडी लावली, गुडघ्यामागच्या आणि जांघेतल्या गाठी काढल्या, पुढं इम्युनोथेरपी, म्हणजे अंगातली प्रतिकारशक्तीच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, लिहून दिली आणि तिच्यासाठी मुलाच्या कागदपत्रांच्या चकरा सुरू झाल्या.

स्कॅनच्या दिवशी निघताना मावशींनी एकच विचारलं होतं, घरी गेल्यावर नातीला घेऊ का? म्हटलं आज नको, संध्याकाळपर्यंत लांब ठेवा, उद्यापासून घ्या. त्यांनी बोटावर तास मोजले.

सप्टेंबरात परत आल्या, काठी टेकत. फुफ्फुसातला ठिपका होता तेवढाच, गुडघ्यामागं काही नाही. सरांनी पुढचा स्कॅन तीन महिन्यांनी लिहिला. मुलगा बाहेर येऊन हळूच म्हणाला, डिसेंबरात आम्ही कारखान्यावर असतो साहेब, मुकादमाची उचल घेतलीय, आईच्या ऑपरेशनालाच गेली ती. मी कारखान्याचं गाव विचारलं, तिथून जवळची दोन पेट सीटी सेंटरं कुठली ते कागदावर लिहून दिलं, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, पायाच्या बोटांपर्यंत घ्या.