स्टिकहँडलिंगची नोंद: टो-ड्रॅग बसला, बॅकहँडचा शेवट अजून कच्चा

ही नोंद पीएस४ या गेम कन्सोलवरच्या एनएचएल २४ ची, म्हणजे आइस हॉकीच्या व्हिडिओ गेमची आहे आणि कंट्रोल 'स्किल स्टिक' ठेवलंय. जळगाव-भुसावळकडे अजून बहुतेकांकडे पीएस४ च आहे, म्हणून मुद्दाम हीच आवृत्ती धरली. एनएचएल २५ पासून पीएस४ वर ही मालिका येणं बंद झालं. पीसीवाल्यांनी वाट पाहू नये, ही मालिका पीसीवर एनएचएल ०९ नंतर आलेलीच नाही.

नवख्यांसाठी एवढंच: कंट्रोलरवरच्या दोन छोट्या दांड्यांपैकी डावी अ‍ॅनालॉग म्हणजे पाय, उजवी म्हणजे हातातली काठी. एनएचएल ०७ मध्ये ही पद्धत आली तेव्हापासून मूळ मांडणी तीच आहे. उजवी डावी-उजवीकडे हलवली की पक (खेळातली रबरी चकती) त्या बाजूला जातो, पुढे ढकलली की रिस्ट शॉट (मनगटाचा झटपट फटका), मागे ओढून पुढे मारली की स्लॅप शॉट (काठी मागे उचलून मारलेला जोरदार फटका). सगळे उजव्या अंगठ्याची कसरत करत बसतात, पण मूव्ह फसते ती बहुतेक वेळा डाव्या अंगठ्यामुळे.

एल३ (डावी दांडीच आत दाबायची) दाबून हसल, म्हणजे जोरात धाव, सुरू असेल तर पकवरचा ताबा ढिला पडतो. त्या वेगात डीक (हुलकावणी) मारला की पक काठीच्या टोकावरून निसटतो आणि आपण मोकळेच पुढे निघून जातो. म्हणून वेग आधी कमवायचा, डिफेंडर समोर आला की हसल सोडायचा, डावी अ‍ॅनालॉग मध्यावर येऊ द्यायची आणि घसरत-घसरत डीक करायचा. डीक संपला की लगेच डावी पुन्हा पूर्ण ढकलायची, नाहीतर डिफेंडरला चकवूनही तो मागून गाठतो. 'सोड, हलव, ढकल' अशी लय आहे. यातला 'सोड' सगळे विसरतात.

आता टो-ड्रॅग, म्हणजे पक पुढे दाखवून काठीच्या टोकाने आपल्याकडे ओढून घेणं. डावखुरा शॉट असलेला खेळाडू घ्या, एनएचएल या खऱ्या लीगमध्येही असेच जास्त. त्याचा फोरहँड (काठीची सरळ बाजू) डावीकडे, बॅकहँड (उलटी बाजू) उजवीकडे. उजवी अ‍ॅनालॉग पूर्ण डावीकडे न्या आणि एक क्षण तिथेच ठेवा. डिफेंडरला पक दिसायला हवा, तेच आमिष. तो पोक चेकसाठी, म्हणजे पक टोचून काढायला, काठी पुढे टाकतो न टाकतो तोच अ‍ॅनालॉग कडेकडेने खाली-डाव्या कोपऱ्यात ओढा. पक स्केट्सजवळ येतो, त्याची काठी रिकाम्या बर्फावरून जाते. मग अ‍ॅनालॉग उजवीकडे आणि पाय त्याच दिशेने.

गडबड इथेच होते. अंगठा कोपऱ्यात न थांबता सरळ खाली सहाच्या काट्यावर गेला की गेमला वाटतं स्लॅप शॉट घ्यायचाय. खेळाडू काठी मागे उचलतो, पक उघडा पडतो, डिफेंडर आरामात काढून घेतो. 'माझा टो-ड्रॅग लागतच नाही भो' म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच अडकलेले असतात. फ्री स्केट या सरावाच्या मोडमध्ये डिफेंडर नसताना फक्त हा कोपरा पक्का करावा: काठी वर उठली तर अंगठा जास्त खाली गेला, पक नुसताच बाजूला राहिला तर कमी ओढला. उजव्या शॉटच्या खेळाडूला सगळं आरशातल्यासारखं उलट. लाइन (बर्फावरची खेळाडूंची तुकडी) बदलताना कोण बर्फावर आलाय हे न पाहता जुनीच सवय चालवली तर पक थेट डिफेंडरच्या काठीवर जातो. मूव्ह कुणाच्या हातात द्यायची हेही पाहा: डीकिंग आणि पक कंट्रोल हे आकडे कमी असलेल्या दणकट डिफेन्समनकडून टो-ड्रॅगची अपेक्षा धरू नये.

अंतराबाबत आमचं मत ठाम झालंय. खऱ्या खेळात काठी सहसा जास्तीत जास्त ६३ इंची. दोघांच्या काठ्या एकमेकींपर्यंत पोहोचतील इतक्या जवळ डीक सुरू केला तर उशीर झाला. त्याच्या आधी एका घसरणीइतकं अंतर राहिलं पाहिजे. फार लांबून सुरू केला तर डिफेंडर मागे सरकत नुसता बघत राहतो, काठी टाकतच नाही. गेम 'प्रो' लेव्हलवर असला की कॉम्प्युटर आमिषाला बऱ्यापैकी फसतो. 'सुपरस्टार'वर तेच पुन्हापुन्हा केलं तर मार खावा लागतो.

ब्रेकअवेवर गोलकीपर एकटा समोर असतो, तेव्हा हिशेब वेगळा. फेसऑफ डॉट (खेळ पुन्हा सुरू करायचे ठिपके) गोल लाइनपासून २० फुटांवर असतात. त्या रेषेत आल्यावर फोरहँडकडे डीक सुरू करायचा, गोली सरकला की बॅकहँडकडे आणायचं. हे जमतं. पण शेवटच्या शॉटला पक गोलाबाहेर जातो, आणि कारण पुन्हा डावा अंगठा. शॉटचा नेम डाव्या अ‍ॅनालॉगनेच ठरतो. डीक करताना ती एका दिशेला ढकललेली असते आणि तसंच धरून मारलं की पक साइडला जातो. बॅकहँडला आल्यावर आधी डावी अ‍ॅनालॉग रिकाम्या कोपऱ्याकडे वळवायची, मगच उजवी पुढे. जाळी ६ फूट रुंद नि ४ फूट उंच, गोली सरकलेला. फार जोर लागत नाही. एक हात सोडून बॅकहँडने पक आत सरकवण्याचा स्वीडनच्या पीटर फोर्सबर्गचा १९९४ च्या लिलेहॅमर ऑलिंपिकमधला प्रकार याच तत्त्वावर चालतो: गोली फोरहँडकडे वाहत जातो आणि एका हातामुळे काठीची पोहोच वाढते.

मिशिगन, म्हणजे जाळीमागून पक काठीवर उचलून वरच्या कोपऱ्यात ठेवायचा, हा प्रकार सध्या बाजूला ठेवलाय. माइक लेगने १९९६ मध्ये कॉलेज हॉकीत तो गाजवला, एनएचएल सामन्यात पहिल्यांदा आंद्रेई स्वेचनिकोव्हने २०१९ मध्ये साधला. दिसायला भारी, पण जाळीमागे थांबून पक उचलेपर्यंत माणूस येऊन आदळतो. एनएचएल २४ मध्ये टोटल कंट्रोल या सोयीने असल्या मूव्ह एका बटणावर आणल्या आहेत, त्यामुळे बटण दाबणं सोपं झालं. योग्य वेळ मात्र आपल्यालाच साधावी लागते.

थोडं सामानाचं. खान्देशातल्या मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की अंगठे घामाने घसरतात आणि कोपऱ्यात थांबणं अवघड होतं. उजव्या अ‍ॅनालॉगवर रबरी टोपी बसवा, उंच घेतली तर बारीक हालचाल जास्त जमते. धुळीचा त्रास वेगळाच. अ‍ॅनालॉगला हात न लावता पक आपोआप एका बाजूला सरकू लागला तर तो ड्रिफ्ट आहे, कौशल्याला दोष देऊ नका. आधी अ‍ॅनालॉगच्या कडेची धूळ कोरड्या ब्रशने झटका, तरी राहिला तर आतला भाग झिजलाय असं समजा. टीव्हीवर गेम मोड चालू करा, नाहीतर अंगठा आणि पडदा यांच्यात उशीर होतो आणि आमिषाची वेळ चुकते.

ऑनलाइन खेळताना पिंग (नेटवरचा उशीर) वाढला की डिफेंडरची काठी पुढे आलेली बघून टो-ड्रॅग ओढणं जमत नाही, कारण आपल्याला दिसते तोवर ती पोहोचलेली असते. तिथे अंदाजाने आधीच ओढायचं, किंवा सरळ पास द्यायचा. खरी परीक्षा घरी, एकाच टीव्हीवर दोन कंट्रोलरनी.

पुढच्या खेपेला उजव्या शॉटच्या विंगरसोबत (कडेने खेळणारा आक्रमक) हाच टो-ड्रॅग आणि ब्रेकअवेवर बॅकहँडचा नेम.