क्रुगरमध्ये आपल्याच गाडीने: पाच रात्री, चार माणसे आणि ताशी पंचवीस किलोमीटर

दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात आपली आपण गाडी चालवत फिरता येते, हे कळल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “सिंह आला, तर काचा कोण वर करणार?” ताडोब्यात जिप्सीचा चालक आणि गाइड यांच्या भरवशावर जंगल पाहणाऱ्या आमच्या घराला ही शंका येणे स्वाभाविकच होते.

आम्ही मे महिन्याच्या अखेरीस गेलो. तिकडे तेव्हा हिवाळा सुरू होत असतो, गवत वाळलेले आणि झाडोरा विरळ झालेला असतो, आणि लहान पाणवठे आटू लागल्याने प्राणी नद्यांच्या काठाला येतात. डास कमी असले, तरी भाग मलेरियाचा आहे, म्हणून प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे. विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल, तर पीतज्वराच्या लशीचा दाखला लागेल का, तेही तिकीट काढतानाच पाहून घ्यावे.

जोहान्सबर्गला भाड्याची गाडी घेऊन आम्ही एन-4 महामार्गाने पाचेक तासांत मलेलेन फाटकाशी पोहोचलो. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असल्याने तासाभरात हात बसतो. उद्यान सुमारे 360 किलोमीटर लांब आणि जवळजवळ 20,000 चौरस किलोमीटर पसरलेले आहे, त्यामुळे सगळे पाहण्याचा हट्ट सोडून आम्ही दक्षिण आणि मध्य भागच धरला: दोन रात्री लोअर साबी, एक स्कुकुझा आणि दोन सतारा, असे उद्यानातल्याच कॅम्पांत मुक्काम. या शेवटच्या नावाने आमची चांगलीच करमणूक केली. जमिनीची मोजणी करणाऱ्याच्या भारतीय मदतनिसाने सतराव्या भूखंडाला ‘सत्रा’ म्हटले, त्यावरून हे नाव पडले, असे तिथे सांगतात. सासूबाई मात्र पाचही दिवस ‘साताऱ्याला कधी पोहोचणार’ असेच विचारत होत्या.

डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि मातीच्या रस्त्यावर 40 किलोमीटर ही वेगमर्यादा आहे, पण त्या वेगाने गेल्यास इंपाला हरणांखेरीज फारसे काही दिसत नाही. आम्ही पंचविसावर आलो, तेव्हा कुठे जंगल दिसू लागले. याचा हिशेब मुक्काम ठरवतानाच करावा, कारण स्कुकुझा ते सतारा हे नव्वदेक किलोमीटर अंतर अशा चालीने अर्धा दिवस खाते, आणि संध्याकाळी साडेपाचला फाटक बंद होण्याआधी कॅम्पात शिरावेच लागते. स्वच्छतागृहे फाटके, कॅम्प आणि ठरावीक विश्रांतिस्थळीच असतात, आणि नेमून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरण्यास मनाई आहे. लहान मुले बरोबर असल्यास थांब्यांचा क्रम यावरच ठरतो.

ताडोब्यात सांबराचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावर दिलेला इशारा, ऐकून गाइड जिप्सी वळवतो, इथे ते काम आपल्यालाच करावे लागते. तिसऱ्या दिवशी चोक्वाने हे विश्रांतिस्थळ ओलांडल्यावर तीन जिराफ चरायचे सोडून एकाच दिशेला टक लावून उभे असलेले माझ्या दहा वर्षांच्या मुलीने पाहिले. इंजिन बंद करून आम्ही थांबलो. पंधरा-वीस मिनिटे काहीच घडले नाही, दोन गाड्या आमच्याकडे पाहत निघून गेल्या, आणि मग वाळक्या गवताचाच एक तुकडा उठावा तशी एक सिंहीण उठली आणि आमच्या बॉनेटपुढून रस्ता ओलांडून गेली. तिच्या पोटऱ्यांना चिखल लागलेला होता. काचा कोणी वर केल्या, ते आजही कुणाला आठवत नाही.

भीती वाटली ती हत्तीची. सताराजवळच्या मातीच्या रस्त्यावर वळण घेतले, तर समोरून एक एकटा नर येत होता. गंडस्थळापासून गालापर्यंत मदाची काळी ओली रेघ उतरलेली, मागचे पाय मूत्राने भिजलेले, आणि चाल अशी की रस्ता त्याच्याच मालकीचा. मदावरच्या हत्तीपुढे थांबून छायाचित्रे काढण्याचा मोह धरू नये. नवऱ्याने गाडी जवळजवळ तीनशे मीटर उलटी नेली, तेव्हा तो झाडीत वळला. म्हणूनच हत्ती दिसताच मागे जागा आहे ना, हे आधी पाहावे, आणि दुसऱ्या गाडीला चिकटून उभे राहू नये.

कॅम्पातील फलकावर आदल्या दिवशी आणि त्या दिवशी कोणता प्राणी कुठे दिसला, याच्या रंगीत खुणा असतात, त्या संध्याकाळी पाहून ठेवाव्यात. गेंड्याची खूण मात्र तिथे मिळत नाही, शिकाऱ्यांना माग लागू नये म्हणून ती लावतच नाहीत. आम्हाला गेंडा दिसला नाही, आणि त्याचे वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटे ठरेल.

खाण्याचे सामान मोठ्या शहरातून भरून न्यावे आणि खोली ठरवताना आत चूल-भांडी आहेत का, हे नीट वाचावे. विश्रांतिस्थळी डबा उघडा ठेवू नये: चोक्वाने येथे एका माकडाने आमचा पावाचा पुडा टेबलावरून उचलून थेट झाडावर नेला. दुर्बिणी मात्र दोन तरी हव्यात, एकीवरून आमच्या गाडीत रोज भांडण झाले.

शेवटच्या सकाळी सताराहून ओर्पेन फाटक अवघे 48 किलोमीटर होते, पण वाटेत अकरा रानकुत्रे रस्त्यावर उन्हात लोळत पडलेले मिळाले आणि ते उठेपर्यंत तास गेला. परतीचे विमान दुसऱ्या दिवसाचे ठेवले होते, म्हणून आम्हाला त्यांच्यापाशी थांबता आले. आपणही तसेच ठेवावे.