88व्या स्तोत्रानंतरचा आठवडा

गुरुवार, रात्री

रविवारी चर्चमध्ये मी 88वं स्तोत्र वाचलं. उपासना सुटली, मंडळी सलाम करून बाहेर पडली, आजी मात्र बाकावरच बसून राहिल्या. मांडीवर शास्त्र, म्हणजे बायबल, उघडं. स्तोत्राचं पान चिमटीत धरून हलकेच चोळत होत्या, दोन पानं चिकटली तर नाहीत ना ते बघत. मी जवळ गेलो तशा म्हणाल्या, "पाळकसाहेब, पुढचं वाचायचं राहिलं का हो?"

राहिलं नव्हतं. 88वं स्तोत्र तिथंच संपतं. 18 वचनं, आणि शेवटच्या वचनात मित्र दूर गेलेले आणि सोबतीला अंधार. "नाही आजी, एवढंच आहे," म्हणालो. त्यांनी शास्त्र पिशवीत घातलं आणि गेल्या.

मग मंडळीचे सेक्रेटरी आले. "लोक आठवडाभर रडूनच येतात. इथं तरी आशेचे चार शब्द पडू द्या की कानावर." त्यांचा राग नाही. कांद्याला भाव नाही, कुणाच्या घरी डायलिसिस चालू आहे, कुणाचा मुलगा पुण्याला नोकरी शोधतोय. त्यांनाच निम्म्या घरांतली दुखणी माझ्याआधी कळतात. तरी झोंबलं. आज गुरुवार, अजून झोंबतंय.

थकवाही असेल. घरभेटी, तो अंत्यविधी, कमिटीची बैठक, आणि शनिवारी घर निजलं की उपदेश लिहायला बसायचं. रविवारी लोकांच्या लक्षात काय राहतं, तर पहिलं गाणं वरच्या पट्टीत गेलं ते. पाळकाला येता-जाता सगळे सलाम करतात. तुमचं कसं चाललंय, हे विचारायला कुणी थांबत नाही. बाबांना जाऊन वर्ष व्हायला आलं. असो, ते इथे नको.

पण झोंबायचं कारण ते नव्हे. मी त्या स्तोत्राला शेवट जोडला नाही, हे लोकांना उणं वाटलं. आणि मला ते जोडायचंच नव्हतं.

विलापाची स्तोत्रं पुष्कळ आहेत. 13वं घ्या. सहाच वचनं, सुरुवातीलाच चार वेळा "कोठवर" आणि शेवटी गाणं. 22वं घ्या. प्रभूनं वधस्तंभावर ज्याचा पहिला शब्द उच्चारला ते. तेही अर्ध्यावर वळतं आणि स्तुतीत जातं. 88वं वळत नाही. ते रचणारा हेमान एज्राही देवाला सरळ विचारतो, मेलेल्यांसाठी तू चमत्कार करणार का? कबरेत तुझ्या दयेचं वर्णन व्हायचं का? उत्तर येत नाही. तरीही रात्री हाक मारतो, सकाळी पुन्हा मारतो. पहिल्याच वचनात त्यानं देवाला आपला तारणारा म्हटलंय, बस्स, आशा म्हणून तेवढंच. कोरहाच्या मुलांच्या, म्हणजे मंदिरातल्या गवयांच्या, संग्रहात, मंदिरात गायच्या गाण्यांत हे ठेवणाऱ्यांनी खाली एक ओळ घालून ते गोड करून टाकलं नाही. मग मी कोण घालणारा?

बायबलमधल्या ईयोबाचे, दोष नसताना सगळं गमावलेल्या त्या माणसाचे, मित्र आठवतात. सात दिवस गप्प बसले तोवर बरे होते. बोलायला लागले आणि धर्माचं सगळं नीटनेटकं सांगितलं. शेवटी देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर, 42व्या अध्यायात. देवाशी वाद घालणारा ईयोबच माझ्याविषयी यथार्थ बोलला, असं देव म्हणतो. घरभेटीला जाताना हा अध्याय मनात असतो, आणि तरी दारात पाऊल टाकताच तोंडात सांत्वनाची तयार वाक्यं येतात.

आपल्याकडेही देवाशी असं भांडणं परकं नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा झाला, पुढे नगरला त्यांनी आयुष्य घातलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. आपण त्यांची गाणी दर रविवारी गातो, त्यांतला गोडवा घेतो. पण त्या पुलावर तुकोबांचं विठोबाशी झालेलं भांडणही आहे. 1630च्या दुष्काळात बायको अन्नावाचून गेली, त्या माणसाचं भांडण. देवाला अद्वातद्वा बोलले, पण बोलले देवाशीच. ते आपण वाटेत कुठे टाकलं?

काल संध्याकाळची प्रार्थना आजींकडे होती. भगिनी मंडळाच्या चौघी, मी, आणि त्यांचा नातू मोबाईल घेऊन उंबऱ्यात. आजी म्हणाल्या, तेच वाचा. मी म्हटलं, दुसरं घेऊ, 23वं घेऊ, 'परमेश्वर माझा मेंढपाळ' ते. "23वं पाठ आहे हो. तेच वाचा." वाचलं. मध्ये कुणी हुंदकाही दिला नाही. संपल्यावर आजींनी विचारलं, "हे शास्त्रातच आहे ना? तुम्ही नाही घातलेलं?"

"शास्त्रातच आहे."

"मग राहू द्या." आणि चहा ठेवायला उठल्या.

त्यांच्या थोरल्याबद्दल त्या कधी बोलत नाहीत. कालही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. सांत्वनाचं एकही वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही याचं घरी येताना बरं वाटत होतं. सेक्रेटरींचं बोलणंही आता तितकं टोचत नाही. ते आशेचं मागतात ते लोकांच्या मायेपोटीच, आणि पुढेही मागतील. मी कधी देईन, कधी देणार नाही. मंडळी मला ठेवील तोवर हे असंच चालायचं.

येत्या रविवारी क्रमानं 89वं येतं. सुरुवात प्रभूच्या दयेच्या गाण्यानं आहे, सेक्रेटरी खूश होतील. पण 38व्या वचनापासून तेही कलंडतं, दावीद राजाचा मुकुट धुळीत पडतो आणि पुन्हा "कोठवर" येतं. पहिली 37 वचनं वाचून थांबा, अशी सूचना आलीच आहे. सगळी 52 वाचणार आहे. वाचायला वेळ लागेल, म्हणून उपदेश आखूड ठेवीन आणि मधलं एक गाणं कमी करू. तबल्यावरच्या पोराला उद्या सांगून ठेवतो.